वाळवंटांतील गांवकरी

रत्नागिरीहून आगगाडीनें मुंबई गांठावयास सहा-सात तास लागतात. मुंबईहून दुबईस विमान सुमारें तीन तासांत पोहोंचतें. तेथील घड्याळ आपल्या मागें दीड तास असल्यामुळें सकाळीं दहाला निघालेला प्रवासी तेथील साडेअकरालाच उतरतो. अंतराची सबब सांगून स्नेह्याकडे जाण्याचें टाळणें आतां कोणासही शोभणार नाहीं. गेल्या माघांत आम्ही हा प्रवास केला तो आमच्या एका शाळासोबत्याच्या बोलावण्यावरून.

हे आमचे मित्र कोंकणी मुसलमान. खाडीकाठचें वडिलोपार्जित घर सोडून ते १९८८ सालीं दुबईस गेले आणि तेथील उंच इमारतींना पाणी चढविणाऱ्या पंपांची देखभाल करण्यांत त्यांची हयात गेली. येत्या मार्चअखेर त्यांची नोकरी संपणार. त्यानंतर मुलाच्या आधारानें तेथेंच राहावें कीं गांवीं परतावें, याचा निकाल लावावयाचा होता. त्यांच्या बंद घराची किल्ली गेलीं कित्येक वर्षें आमच्या खुंटीला असल्यामुळें घराची साक्ष आम्हीच देऊं शकत होतों.

निघतांना घरांत फराळाची तयारी सुरू झाली, तोंच मित्राचा निरोप आला: "अनारसे मुळींच आणूं नकोस!" अनारशावर खसखस असते आणि खसखस नेण्यास त्या देशांत सक्त मनाई आहे. ती अफूच्या बोंडांतील असल्यामुळें तिची गणना तेथें अमली पदार्थांत होते. परदेशीं असलेल्या लेकी-सुनांकडे डबे पाठविणाऱ्या गृहिणींनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. करंजीच्या सारणांतील चिमूटभर खसखसही अडचणींत आणूं शकते. मग आम्हीं आमसुलें, फणसपोळी आणि कुळथाचें पीठ नेलें.

मुंबई सोडल्यावर बराच वेळ खालीं नुसता समुद्र. पुढें ओमानचे उघडे, करपलेले डोंगर लागतात, त्यांमागें वाळू, आणि त्या वाळूच्या कडेला एकाएकीं मनोऱ्यांचें शहर. त्यांतील बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे. तो आम्हीं खालूनच पाहिला आणि तेवढ्यानें आमचें समाधान झालें. हा वायुमार्ग मात्र दिसतो तितका नवा नव्हे. १९३२ सालीं इंपीरियल एअरवेजचीं विमानें लंडनहून कराचीस येतांना दुबईशेजारच्या शारजास मुक्काम करूं लागलीं. प्रवाशांसाठीं बांधलेली तेथील गढी आज संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते. त्याच वर्षीं १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें. १९३७ पासून दुबईच्या खाडींत समुद्री विमानें उतरूं लागलीं. त्या काळीं तेथील व्यवहार चाले तो आपल्याच रुपयांत, आणि मोत्यांना गिऱ्हाईक मिळे तें मुंबईच्या बाजारांत. जपानी कृत्रिम मोत्यांनीं तो धंदा बुडविला. दुबईला तेल सांपडलें तें १९६६ सालीं; तोंपर्यंत मुंबई श्रीमंत आणि दुबई गरीब, अशीच वांटणी होती.

मित्राचें बिऱ्हाड करामा भागांत आहे. पहिल्याच सकाळीं वहिनींनीं सांदणें वाढलीं. आमच्या घरच्या सांदणांत फणसाचा रस असतो, त्यांच्या घरच्या सांदणांत नारळाचा; नांव मात्र एकच. जेवणानंतर हात धुण्यास उठलों, तेव्हां मित्र नळाकडे बोट दाखवून म्हणाले, "हें पाणी कालपरवांपर्यंत समुद्र होतें बरें!" त्यांत अतिशयोक्ति नव्हती. दुबईचें पिण्याचें पाणी जवळजवळ सर्व समुद्राचेंच असतें. जबल अली येथें वीज निर्माण करतांना जी उष्णता उरते तिच्यावर खारें पाणी तापवितात आणि कमी दाबाच्या कोठ्यांतून नेऊन त्याची वाफ धरतात; अलीकडे मोठ्या दाबानें तें अतिसूक्ष्म पडद्यांतून गाळून घेण्याची रीत वाढत आहे. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गांवांत तोटी कधीं कोरडी पडत नाहीं. आमच्या रत्नागिरीस ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जांभ्या दगडांतून झिरपून आणि पऱ्ह्यांतून धांवत समुद्रास मिळतो, आणि एप्रिल-मेंत जिल्ह्यांतील कित्येक वाड्या टँकरची वाट पाहतात. त्या देशांत १९४९ पूर्वीपासून नोंदी ठेवल्या जात आहेत असें नव्हे. पण ७५ वर्षांच्या नोंदींत झाला नव्हता असा पाऊस १६ एप्रिल २०२४ रोजीं त्या देशांत झाला. अल ऐनजवळ दिवसभरांत २५४ मिलिमीटर पाणी पडलें आणि दुबईचा विमानतळ जलमय झाला. आषाढांत आमच्याकडे एवढ्या पावसानें शाळेला सुटी मिळाली तर मिळाली!

घर परतण्याच्या आड जें येत होतें तें हेंच पाणी. वहिनी स्पष्टवक्त्या आहेत. "भाऊजी, लग्न झाल्यावर वैशाखांत दोन-दोन खेपा खालच्या विहिरीवर मीच घातल्या, ह्यांनीं नव्हे. आतां साठीला पुन्हां कळशी उचलूं काय?" त्यांस काय उत्तर द्यावें? अंगणांतील विहीर चैत्र संपतां संपतां तळ दाखविते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें होतें आणि तसेंच सांगितलें.

दुसरीकडे तेथें राहणेंही सोपें नाहीं. त्या देशांतील दहांपैकीं सुमारें नऊ माणसें परदेशीं, त्यांत भारतीयच ३५ लाखांहून अधिक. सामान्य नोकरदारास राहण्याचा परवाना नोकरीबरोबर मिळतो आणि नोकरीबरोबर जातो. नागरिकत्व त्याच्या वांट्यास येत नाहीं. धनिकांस व तज्ज्ञांस अलीकडे दीर्घ मुदतीचे परवाने मिळूं लागले आहेत, परंतु पंप दुरुस्त करणारा त्यांत बसत नाहीं. मुलाच्या परवान्यावर आईबापांस राहतां येतें. तो परवाना पुन्हां मुलाच्या नोकरीवर अवलंबून. जेथें आयुष्य काढलें त्या गांवीं म्हातारपणीं मुलाचे पाहुणे म्हणून राहावयाचें, हें मित्राच्या मनाला लागलें होतें. ज्यांचीं मुलें पुण्या-मुंबईस किंवा अमेरिकेस आहेत आणि ज्यांच्या गांवच्या घरांना कुलुपें आहेत, त्या आमच्या वाचकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तिसऱ्या रात्रीं मित्र कागद-पेन्सिल घेऊन बसले. जन्मभर पाण्याचाच हिशेब केलेला माणूस! घराचें कौलारू छप्पर १०० चौरस मीटर धरलें आणि त्यावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३ लाख लिटर पाणी होतें. दोन माणसांस रोज १०० लिटर प्रत्येकीं, जानेवारी ते मे असे १५० दिवस, म्हणजे लागणार ३० हजार लिटर. छपरावर पडणाऱ्या पाण्याचा केवळ दहावा हिस्सा! पन्हळी लावून, पहिल्या एक-दोन सरींचें धुवण वाहूं देऊन, उरलेलें पाणी झांकलेल्या टाकींत घेतलें कीं वैशाखाची चिंता नाहीं. "इथें समुद्र गाळून पितात, आणि आपण आभाळाचें पाणी समुद्राला देऊन मोकळे होतों," असें म्हणून त्यांनीं तो कागद वहिनींपुढें ठेवला.

वहिनींनीं तो दोनदां वाचला. मग त्या म्हणाल्या, "आधीं टाकी भरलेली पाहीन, मग येईन." मित्रांनीं पुष्कळ समजाविलें, पण त्यांनीं शब्द बदलला नाहीं, आणि आमच्या मतें त्यांचेंच बरोबर होतें. त्यामुळें एप्रिलांत मित्र एकटेच येत आहेत; वहिनी मुलाकडे राहतील. पाऊस लागण्यापूर्वीं टाकी पुरी व्हावयाची आहे. गवंडी ठरविण्याचें आणि चिरे व सिमेंट यांचे भाव काढण्याचें काम आमच्याकडे आहे, आणि त्यांतील गवंडी अजून मिळावयाचा आहे.