पणजोबांची कबर शोधताय? आधी चर्चची वही बघा

मालवण : चाकरमानी गावी आला की पणजोबांची कबर शोधत थेट दफनभूमीत जातो. आधी चर्चच्या मृत्यूनोंदवहीत नाव-साल बघावं; जुनी नोंद पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्येही असू शकते. अलीकडची नोंद ग्रामपंचायत, नगरपरिषदेत मिळते.

मग दगड. जांभा पावसात झिजतो. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. दगडावर ॲसिड, तारेचा ब्रश नको.

जागा कमी असल्यास त्याच कबरीत पुढचं दफन होतं, जुना दगड राहत नाही. ब्रिटिशांच्या कबरींच्या नोंदी १९७६ पासून लंडनची ‘बॅक्सा’ संस्था ठेवते. आपल्या माणसांच्या आपणच ठेवायच्या. वाडीतल्या म्हाताऱ्यांना जागा ठाऊक असते; ते आहेत तोवर विचारून लिहून घ्या.