रात्रीची चक्कर : कानाची, रक्तदाबाची की साखरेची?

‘डॉक्टर, रात्री चक्कर येते’ एवढे सांगून पेशंट गप्प बसतो आणि डॉक्टरांची पंचाईत होते. वास्तविक आपल्या भाषेत या तक्रारीसाठी शब्दांची वाण नाही. घर गरगर फिरते आहे असे वाटणे वेगळे, उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे, आणि घाम फुटून, हातपाय गळून घेरी येणे आणखी वेगळे. यांपैकी नेमके काय होते, हे सांगितले तर निदानाचे निम्मे काम तिथेच होते.

अंथरुणात कूस बदलली आणि खोली फिरू लागली, अर्ध्या-एक मिनिटात थांबली, पुन्हा त्याच कुशीवर वळताच फिरली, असे असेल तर दोष बहुधा कानात असतो. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांतील द्रव हलला की डोके कोणत्या दिशेला वळले ते मेंदूला कळते. शेजारच्या पिशवीत कॅल्शियमचे अगदी बारीक खडे असतात. वयामुळे, डोक्याला मार लागल्याने किंवा काही वेळा विनाकारणच हे खडे सुटून नळीत शिरतात. मग डोके स्थिर झाले तरी द्रव हलतच राहतो आणि मेंदूला वाटते, आपण फिरतो आहोत. या आजाराला डॉक्टर ‘बीपीपीव्ही’ म्हणतात. नोबेल मिळवणारे रॉबर्ट बारानी यांनी १९२१ साली त्याचे वर्णन केले होते.

यावरचा इलाज मात्र औषधाच्या दुकानात नाही. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ले यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पेशंटला झोपवून त्याचे डोके ठरावीक क्रमाने वळवतात आणि खडे मूळ जागी नेऊन सोडतात. पाच-दहा मिनिटांचे काम. बहुतेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो, पुढे कधी त्रास उलटला तर तेच पुन्हा करता येते. चक्करेच्या गोळ्यांनी मळमळ दबते, खडे जागचे हलत नाहीत. आपल्याकडे चक्कर म्हटली की आधी मानेचा एक्स-रे काढायचा आणि गळ्यात पट्टा अडकवायचा, अशी रीतच पडून गेली आहे. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसतेच! तेव्हा पट्ट्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा कान दाखवावा. ही क्रिया पहिल्यांदा त्यांच्याकडूनच करून घ्यावी, घरी परस्पर प्रयोग नकोत.

लघवीला उठल्यावर अंधारी येते ती तऱ्हा निराळी. आडवे असताना सारखे पसरलेले रक्त उभे राहताच पायांकडे ओढले जाते. तरुण शरीर शिरा आवळून ते लगेच सावरते, म्हातारे शरीर मागे पडते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर हाच दोष समजतात. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्या रात्री घेणाऱ्यांत तो अधिक आढळतो. त्यात दिवसभर पाणी कमी प्यालेले असले तर विचारायलाच नको. अशांनी आधी उठून बसावे, पाय खाली सोडून दोन मिनिटे थांबावे, मग उभे राहावे. पुरुषांनी रात्रीपुरती बसून लघवी करावी, त्यात लाज कसली? दिवा हाताशी हवाच. आपला तोल डोळे, कान आणि तळपाय मिळून सांभाळतात. अंधारात डोळे गेले, आणि मधुमेहाने तळपाय बधिर असले, तर सगळा भार एकट्या कानावर येतो. माजघरातून मागच्या अंगणातल्या न्हाणीघराकडे जाताना पडून खुब्याचे हाड मोडले, की ऐंशीच्या घरातले माणूस पुष्कळदा अंथरूण धरते.

मधुमेहींनी आणखी एक जपावे. एकादशीचा उपास धरला, रात्री नुसते दूध घेतले आणि गोळी किंवा इन्शुलिन मात्र रोजचेच, की मध्यरात्री साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, वेडेवाकडे स्वप्न पडून जाग येणे ही तिची लक्षणे. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, नंतर थोडे खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नये. उपासाच्या दिवशी औषध किती घ्यायचे, ते डॉक्टरांना आदल्या आठवड्यातच विचारून ठेवावे.

चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एकाचे दोन दिसणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा आधाराशिवाय उभेच राहता न येणे, यांतले काहीही असेल तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. हा पक्षाघात असू शकतो, आणि गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. माणूस शेवटचा ठीक कधी होता, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. झोपायला गेला तेव्हा, की दोन वाजता पाणी प्यायला उठला तेव्हाही, ती वेळ घरच्यांनी सांगावी, आणि निघताना चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकावीत.