उत्तरेच्या गर्भावर सोडलेलं अस्त्र

घोड आणि भीमेच्या काठी, शिरूर-दौंडच्या गावांत सप्ताह बसला की कधीतरी महाभारतातल्या ब्रह्मास्त्राची गोष्ट निघते. अर्जुनाला सोडलेलं अस्त्र मागे घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही. मग तो ते अभिमन्यूच्या पत्नीच्या, उत्तरेच्या गर्भावर वळवतो.

धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’ या हिंदी काव्यनाटकात हीच गोष्ट आहे. नाटक १९५४ च्या सुमाराचं. हिरोशिमाच्या जखमा ताज्या होत्या आणि १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्ब फोडला. त्याची राख दूरवरच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली. नाटकातले व्यास अश्वत्थाम्याला बजावतात, की या अस्त्राने शतकानुशतकं रसरशीत काही उगवणार नाही, मुलं व्यंग घेऊन जन्मतील. ऊस-गव्हावर जगणाऱ्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मला त्यातला गर्भ सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बॉम्ब म्हटलं की आपल्याला धुराची छत्री आठवते. पण हिरोशिमा-नागासाकीत बॉम्ब पडला तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलांची पुढे कित्येक वर्षं तपासणी होत राहिली. गर्भ आठ ते पंधरा आठवड्यांचा असताना किरणोत्सर्गाचा जबर मारा बसला, तर डोकं लहान राहण्याचं, बुद्धीची वाढ खुंटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. यावरून महाभारतात अणुबॉम्ब होता असं कुणी म्हणू नये. जुन्या कथेत भारतींना आपल्या काळाचं भय दिसलं, त्यांचं मोठेपण त्यात आहे. उत्तरेच्या पोटातल्या परीक्षिताला कृष्णाने जीव दिला. हिरोशिमा-नागासाकीच्या त्या मुलांसाठी तसं कुणी नव्हतं.

मुंबईत सत्यदेव दुबे यांनी १९६२ मध्ये हे नाटक उभं केलं. भारती तेव्हा तिथेच ‘धर्मयुग’चे संपादक होते. त्याच शहरात, ट्रॉम्बेला, ‘सायरस’ अणुभट्टी १९६० पासून सुरू होती. १९७४ च्या पोखरण अणुस्फोटाचं प्लुटोनियम तिच्यातूनच आलं.

शिरूर-दौंडच्या महाविद्यालयीन मुलांनी हे नाटक जरूर करावं. नेपथ्य फारसं लागत नाही. दोन पहारेकरी ओसाड राजवाड्यात फेऱ्या मारत राहतात. युद्ध त्यांचं नाही, राज्य त्यांचं नाही, भाले मात्र त्यांच्या हातात. राज्य राखीव पोलीस दलाचा तळ असलेल्या दौंडमध्ये रात्रीचा पहारा काय असतो हे जाणणारा प्रेक्षक भरपूर मिळेल.