संकासूर (दशावतार)

संकासूर हे दक्षिण कोकण व गोव्यातील दशावतार या लोकनाट्यातील विनोदी राक्षसपात्र आहे. शंखासुर या पौराणिक नावाचे ते बोलीरूप होय. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा असुर विष्णूच्या हातून मारला जातो, एवढेच त्याचे कथानक असते.

स्वरूप

जत्रेत पालखी झाल्यानंतर, मध्यरात्रीच्या सुमारास देवळाच्या आवारात दशावतार सुरू होतो व परंपरेने पहाटेपर्यंत चालतो. त्याच्या पूर्वरंगास आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती आणि ब्रह्मदेव यांच्यानंतर संकासूर प्रवेश करतो. त्याचा पोशाख संपूर्ण काळा असतो. काळ्या बुरख्यावर डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे व लाल जीभ असते. चेहरा झाकलेला असल्याने नटाची सारी भिस्त आवाजावर आणि हालचालींवर राहते.

विनोद

या प्रसंगाची लिखित संहिता नसते. सूत्रधाराच्या प्रश्नांना संकासूर मालवणीत हजरजबाबी, अनेकदा मुद्दाम उलटी उत्तरे देतो. त्या ओघात तो गावातील व्यक्ती आणि चालू घडामोडी यांची थट्टा करतो. संस्कृत नाटकातील विदूषकही असाच प्राकृतात बोलतो. मात्र विदूषक राजाचा मित्र असतो, तर संकासूर देवांचा शत्रू. देवळाच्या आवारातच त्याला ही मोकळीक मिळते. अखेरीस त्याचा वध होणार हे प्रेक्षकांना ठाऊक असते.

सद्यस्थिती

अलीकडे प्रयोगाचा अवधी कमी झाल्याने अनेक ठिकाणी आडदशावतार संक्षिप्त केला जातो किंवा वगळला जातो. लिखित संहितेअभावी संकासुराचा विनोद नटांच्या स्मरणातूनच पुढे जातो. त्यामुळे प्रयोग थांबल्यास तो लुप्त होण्याचा धोका असतो.