शिकागोचा भाव आणि लातूरचा मोंढा

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील सोयाबीन पिकविणाऱ्या पुष्कळ शेतकरी बंधूंना हल्लीं सकाळीं उठतांच शिकागोच्या वायदेबाजाराचा भाव पाहण्याची संवय जडली आहे. ही जिज्ञासा स्तुत्य होय. कारण आपल्या मालाची किंमत एकटा मोंढ्यांतील आडत्या ठरवीत नाहीं. परंतु बातमी वाचणें निराळें व तिचा अर्थ आपल्या मालास लावणें निराळें.

प्रथम माप पाहूं. शिकागोचा भाव बुशेलास सेंटांत सांगतात. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे सुमारें २७.२ किलो, तेव्हां क्विंटलांत सुमारें ३.६७ बुशेल बसतात. हिशेबासाठीं भाव १० डॉलर व डॉलरचे ८० रुपये धरले, तर क्विंटलास सुमारें २,९४० रुपये होतात. हा आंकडा पाहून कोणीं घाबरूं नये. मोंढ्यांतील भावावर परदेशच्या दाण्यापेक्षां तेलाचा व पेंडीचा परिणाम अधिक होतो. खाद्यतेल आपला देश मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. म्हणून मलेशियाच्या पामतेलाचा भाव व सरकारची आयात जकात पाहावी. पेंड आपण परदेशीं विकतों; म्हणून ब्राझील व अर्जेंटिना येथील पिकाची वार्ता ठेवावी.

जकातीचें महत्त्व थोडें नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्यें कच्च्या खाद्यतेलावरील मूळ जकात शून्यावरून शेंकडा २० केली गेली. मे २०२५ च्या अखेरीस ती शेंकडा १० वर आली. असे निर्णय दिल्लींत होतात, शिकागोंत नव्हे.

सन २०२१ चा अनुभव ताजा आहे. त्या वर्षीं ऑगस्टच्या सुमारास सोयाबीन क्विंटलास १०,००० रुपयांच्या घरांत गेलें. त्याच महिन्यांत सरकारनें १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली, आणि ऑक्टोबरांत नवी सुगी मोंढ्यांत आली तेव्हां भाव सुमारें निम्म्यावर उतरला होता. चढत्या बातमीवर भिस्त ठेवून ज्यानें खर्चाचे बेत केले, त्याची गत काय झाली असेल हें सांगणें नको. पुढें डिसेंबर २०२१ मध्यें आपल्या देशांतील सोयाबीनचे वायदेही बंद करण्यांत आले.

म्हणून आमची सूचना अशी कीं, एका दिवसाच्या चढउतारावर सौदा करूं नये. आठवड्याचा कल, रुपयाचा दर, जकात व मोंढ्यांतील आवक हीं चार टिपणें वहींत लिहीत जावें. देणें भागविण्यापुरता माल विकून उरलेला वखारींत ठेवावा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेंतून त्यावर कर्ज मिळूं शकतें. सारा माल एकाच दिवशीं विकण्याची निकड ज्यास नाहीं, त्यासच बातमीचा खरा उपयोग होतो.