किष्किंधेतलं भांडण: वाली, सुग्रीव आणि मध्ये अडकलेला अंगद

आजचा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

बोलणारी, राज्य करणारी, आपसात लढणारी माकडं म्हटलं की आपल्याला 'प्लॅनेट ऑफ द एप्स' आठवतो. त्याचा पहिला सिनेमा १९६८चा. पण जंगलातल्या अशा समाजाची अख्खी राजकीय गोष्ट आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. वाल्मीकी रामायणातलं किष्किंधाकांड. हंपीला गेला असाल तर तुंगभद्रेच्या पलीकडचं आनेगुंदी बघितलं असेल. तीच किष्किंधा, असं तिथे मानतात.

आधी हे वानर आहेत कसे ते बघू. त्यांना शेपट्या आहेत, फळं आणि मध त्यांना प्रिय आहे, लढताना ते झाडं उपटतात आणि दगड फेकतात. पण त्यांना राजा आहे, मंत्री आहेत, युवराज आहे, टोळ्यांचे प्रमुख आहेत. राज्याभिषेक होतो, मेलेल्यावर रीतसर अंत्यसंस्कार होतात. हनुमान पहिल्यांदा बोलतो तेव्हा राम लक्ष्मणाला सांगतो, बघ, एवढं बोलला पण एकही शब्द चुकला नाही, याने व्याकरण नीट शिकलेलं दिसतंय. म्हणजे माकड की माणूस, हा प्रश्न गोष्टीतच मुद्दाम उघडा ठेवलाय. तो पुढे महागात पडतो.

आता भांडण. आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतं की वाली दुष्ट आणि सुग्रीव बिचारा. मूळ गोष्ट वाचली आणि मी जरा थांबलोच.

मायावी नावाचा असुर रात्री किष्किंधेच्या दाराशी येऊन वालीला लढायला बोलावतो. वाली धावतो, सुग्रीव मागोमाग. असुर एका बिळात शिरतो. वाली सांगतो, तू इथेच थांब. सुग्रीव थांबतो, एक वर्ष! मग आतून फेसाळलेलं रक्त येतं, असुरांच्या गर्जना येतात, भावाचा आवाज काही येत नाही. सुग्रीवाला वाटतं, संपलं. तो बिळाच्या तोंडावर शिळा लावतो, भावाचं तर्पण करतो आणि घरी येतो. मंत्री त्याला गादीवर बसवतात.

आणि वाली जिवंत परततो. त्याच्या बाजूने बघा: बाहेर पडायचा रस्ता बंद, भाऊ गादीवर. तो काय समजेल? सुग्रीव मुकुट परत देतो, हात जोडतो, काय झालं ते सांगतो. वाली ऐकूनच घेत नाही. अंगावरच्या एका वस्त्रानिशी भावाला हाकलतो आणि त्याची बायको रुमा स्वतःकडे ठेवतो. बरं, सुग्रीवही धुतल्या तांदळासारखा नाही. राजा झाल्यावर राज्याबरोबर ताराही मिळाली, हे तो पुढे स्वतःच सांगतो. तारा म्हणजे वालीची राणी.

माझ्या मते किष्किंधेची खरी अडचण इथे आहे. ताकद आहे, दरबार आहे, पण आरोप झालेल्याचं म्हणणं ऐकायची सोयच नाही. जो बलवान, त्याचा संशय म्हणजेच निकाल.

तारा एकटी वेगळं बोलते. हरून गेलेला सुग्रीव लगेच परत लढायला आला, म्हणजे त्याच्यामागे कोणीतरी आहे, असं ती वालीला बजावते. भांडू नकोस, त्याला युवराज कर, असा सल्ला देते. वाली जातोच आणि रामाचा बाण लागून पडतो.

पडल्या पडल्या तो विचारतो: मी दुसऱ्याशी लढत असताना का मारलंस? रामाच्या उत्तराला दोन बाजू आहेत. धाकट्या भावाची बायको सुनेसारखी, तिला ठेवून घेतलंस, त्याची ही शिक्षा. आणि दुसरी, तू झाडावरचा प्राणी, शिकारीत लपून बाण मारण्यात दोष नाही. म्हणजे त्याला माणसाचा कायदाही लागला आणि प्राण्याचाही! वाली शेवटी हे मान्य करतो, पण वाचणारे आजही यावर वाद घालतात.

मरताना वाली आपली सोन्याची माळ सुग्रीवाला देतो आणि म्हणतो, अंगदाला सांभाळ. अंगद त्याचा मुलगा, अजून लहान. ज्या काकाने बापाला मारवलं, त्याच्याच हाताखाली आता युवराज!

पुढे सीतेला शोधायला चार दिशांना टोळ्या जातात. दक्षिणेची टोळी अंगदाकडे, बरोबर हनुमान. मुदत एक महिना, उशीर झाला तर मृत्युदंड. ही टोळी स्वयंप्रभेच्या गुहेत अडकते आणि मुदत टळते. परत एक बीळ, परत वेळ चुकलेली! अंगद म्हणतो, मला युवराज रामाने केलं, काकाने नाही. तो आता निमित्त शोधून मला मारेल. ज्याने भावाला बिळात कोंडलं त्याच्यावर कसा भरवसा ठेवू? हनुमान समजावतो, पण अंगद उपाशी मरायला समुद्रकिनारी बसतो. बापाचा संशय मुलाकडे आलाय.

मग जटायूचा भाऊ संपाती भेटतो, लंकेचा पत्ता लागतो, हनुमान सीतेला भेटून येतो. परतताना ही पोरं राजाच्या राखीव मधुवनात घुसतात, मध पिऊन धिंगाणा घालतात, राखणदारांना मारतात. वनाचा प्रमुख दधिमुख, सुग्रीवाचा मामाच, तक्रार घेऊन धावतो. मुदत मोडलेली, वर ही नासधूस. शिक्षेला आणखी काय हवं?

पण सुग्रीव तक्रार पूर्ण ऐकतो आणि विचार करतो: काम फसलं असतं तर यांची एवढी हिंमत झाली नसती. म्हणजे सीता सापडली! तो खूश होऊन सांगतो, त्यांना लवकर पाठव.

मला हा प्रसंग फार आवडतो. ज्याचं कधी कोणी ऐकून घेतलं नाही, त्याने या वेळी आधी ऐकलं. आणि अंगद वाचला.

तुमच्या मते चूक कोणाची, वालीची की सुग्रीवाची? नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!