जमिनीचे पांघरूण

सोलापूरकरांना उन्हाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. वैशाखात पारा ४० अंशांच्या वर गेला, की आपण डोक्याला पंचा गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. परंतु जी जमीन आपल्याला भाकरी देते, ती मात्र आपण बहुधा उघडीच ठेवतो. हे कसे चुकते, ते आज पाहू.

आपली रब्बीची ज्वारी मुख्यतः पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर उभी राहते. ही ओल पिकाच्या मुळांना मिळते, तशीच ऊन-वाऱ्याने उडूनही जाते. जमीन वाळली की तिला भेगा पडतात आणि खोलवरची ओलही त्या वाटेने निघून जाते. कोळपणीने वरचा थर भुसभुशीत झाला, की ओल वर चढण्याची वाट मोडते. म्हणूनच 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' असे आपल्याकडे म्हणतात. सोलापुरास १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, त्याच्या मुळाशी हाच ओल राखण्याचा प्रश्न होता. ज्वारीला तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी आणि शेवटची दातेरी कोळप्याने करून भेगा बुजवाव्यात, अशी शिफारस आहे.

मातीचे हे पांघरूण बिनखर्ची खरे. पण काडीकचऱ्याचे त्याहून गुणकारी. हेक्टरी सुमारे ५ टन पसरले, तर ऊन थेट मातीला लागत नाही, तण दबते आणि पुढे कुजून त्याचेच खत होते.

येथे कोणी विचारील, दुष्काळात जनावरांच्या तोंडचा कडबा शेतात पसरावयाचा काय? मुळीच नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, ते असा सल्ला देणार नाहीत. पसरावयाचे ते गुरे न खाणारे : तुरकाट्या, उसाचे वाळलेले पाचट, झाडांचा पालापाचोळा. दुर्दैवाने आपण नेमके हेच काडी लावून जाळतो.

दुसरे पांघरूण पिकाच्या माथ्यावरचे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण कडक उन्हाने फळाची साल करपली, तर बाजारात त्याला भाव नाही. म्हणून बागाईतदार झाडांवर पांढरे विरळ कापड, कित्येकदा घरातल्या जुन्या साड्याही घालतात. उन्हात लवकर तुऱ्यावर येऊन कडू होणाऱ्या लेट्यूससारख्या नाजूक भाजीला तर दोन्ही पांघरुणे लागतात : मुळाशी काडीकचरा, वर सावलीची जाळी. एक ओल राखते, दुसरे उन्हाची धार बोथट करते; एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. मात्र कापड दाट असेल तर उजेड व वारा अडतो आणि रोगाला आमंत्रण मिळते, हे विसरू नये.

आच्छादन पाऊस पाडीत नाही; पडलेला पाऊस अधिक दिवस पुरवते, एवढेच. आपल्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात ही बचत थोडी नव्हे. शहरात राहणाऱ्या आपणही आरंभ करू शकतो : अंगणात गळालेली पाने उद्या सकाळी पेटवू नयेत, ती कुंडीत, आळ्यात पसरावीत आणि पाणी किती दिवस टिकते, ते स्वतःच बोटाने चाचपून पाहावे.